जादा शब्द परत

कात्रीबाईंचं पहिलं पाकीट हातात पडलं तेव्हा आत लग्नाचं आमंत्रण असेल असं मला वाटलं. पाकीट चांगलं जाड होतं, कडा नीट चिकटवलेल्या होत्या आणि वर वळणदार अक्षरात माझं नाव होतं. उघडलं तर कागदाच्या बारीक पट्ट्या टेबलावर सांडल्या. एकीवर ‘सदरहू’, एकीवर ‘येणेप्रमाणे’, एका लांबलचक पट्टीवर ‘दगड, माती, झाडझाडोरा, निधी-निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह’. सगळं माझ्याच मसुद्यातलं, माझ्याच टाइपरायटरवरचं. सोबत चिठ्ठी होती : ‘आपले जादा शब्द परत पाठवत आहे. उरलेला मसुदा माझ्या पक्षकाराला मान्य आहे.’ उरलेला मसुदा चार ओळींचा होता. मी तो दोनतीनदा वाचला, काहीतरी राहून गेलंय म्हणून शोधत बसलो, आणि काहीच राहिलेलं नाही हे कळल्यावर मला जास्तच राग आला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची ही गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात आम्ही मूठभर वकील होतो, आणि त्यांत बाई एकच. वय तिशीच्या आतलं, अंगावर पांढरी सुती साडी, वर काळा कोट आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत शिंप्याची जाडजूड कात्री असायची. दुसरे वकील मसुद्यावर लाल पेन्सिल फिरवतात. बाई थेट कापायच्या. ‘खोडलेला शब्द रात्रीतून परत येतो,’ म्हणायच्या, ‘कापलेला येत नाही.’ बाररूममध्ये त्यांना माघारी कात्रीबाई म्हणायला लागले, मग तोंडावर, आणि त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही. मला तर वाटतं, त्यांना ते नाव आवडत होतं.

आमच्या वेळी कागद कसा लिहायचे ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. ‘कारणे लिहून देतो ऐसा जे की’ म्हणून वाक्याला सुरुवात व्हायची आणि पहिलं पान संपलं तरी क्रियापद यायचं नाही. यावच्चंद्रदिवाकरौ, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. तीन एकर माळरानाला चंद्रसूर्याची साक्ष कशाला, असं कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतः मोठ्या आवडीनं लिहायचो. पक्षकार खूश असायचा. कागद जितका कळेनासा तितका वकील हुशार.

कात्रीबाईंची कागद तपासायची रीत मात्र जगावेगळी होती. कोर्टाच्या फाटकाशी एक म्हातारी भाजलेल्या शेंगा विकायला बसायची. बाईंकडे ज्याचा कागद असेल त्यानं सही करण्याआधी फाटकाशी जायचं आणि आपण कशावर सही करतोय ते त्या शेंगावालीला आपल्या शब्दांत सांगायचं. म्हातारीला समजलं तर सही, नाहीतर कागद परत टेबलावर. एकदा अमीनाबी म्हणून एक विधवा बागवानीण आपल्या घराचं गहाणखत घेऊन आली होती. फाटकाशी उभी राहून ती सांगायला लागली, “घर गहान ठिवलंय, पैसं फेडलं का माघारी मिळनार.” शेंगावालीनं विचारलं, “आन् न्हाई फेडलं तर?” अमीनाबीनं कागद उलटापालटा करून पाहिला. तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं. तो कागद गहाणाचा नव्हता, मुदत टळली की घर सावकाराचं होणार होतं. बाई तिथूनच तरातरा बाररूममध्ये आल्या आणि ज्यानं मसुदा केला होता त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी कागदाचे इतके तुकडे केले की झाडूवाल्याला दोन खेपा माराव्या लागल्या.

एका शब्दाशी तर त्यांचं उभं वैर होतं. ‘राजीखुशीने’. आमच्या प्रत्येक दस्तात तो असायचाच : मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून देतो. बाई म्हणायच्या, “खुशी असते तिथं हा शब्द कोणी लिहीत नाही. तुम्ही लग्नात ताटावर बसताना म्हणता का, मी राजीखुशीने जिलबी खातो?” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना हसवायचं नसायचं, बोचवायचं असायचं, आणि बोचायचंही.

हे वैर कुठून आलं ते त्यांनी कधी लपवलं नाही. कोणी विचारलं तर चहा पिता पिता सांगायच्या. त्यांची आई लवकर विधवा झाली आणि पोरीला घेऊन बाप-भावाच्या आश्रयाला गेली. माहेर प्रवरेच्या कालव्याखालचं, काळ्याभोर जमिनीचं. आईच्या वडिलांनी स्वतः कमावलेलं एक बागायती शेत होतं आणि वारस दोघंच : हा भाऊ आणि ही बहीण. वडील गेले. तेराव्याचं जेवण उरकलं, मांडव अजून उतरवला नव्हता, तेवढ्यात भाऊ वकिलाला घेऊन आला. वकिलानं दीड पानांचं एकच वाक्य मंत्रपुष्पांजलीच्या चालीवर म्हणून दाखवलं. आई चौथी शिकलेली. तिनं विचारलं, “दादा, हे काय हाय?” भाऊ म्हणाला, “वारसाची नोंद हाय. तुझं नाव लावायचंय शेताला.” तिनं सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. नाव लागायचं ते कायमचं निघालं. ती हुरड्याच्या दिवसांत शेतात गेली तेव्हा भावजयीनं बांधावरच विचारलं, “आता तुमचं काय हाय हितं?”

मग आई तालुक्याला आली, भाड्याच्या खोलीत शिवणयंत्र टाकलं आणि चोळ्या, झबली, शाळेचे गणवेश शिवून मुलीला पुण्याला वकिलीला धाडलं. ती कात्री आईची. दावा लावायची मुदत मुलगी शाळेत असतानाच टळून गेली होती. “कोर्टाची मुदत संपली,” कात्रीबाई म्हणायच्या, “माझी नाही.”

ते दीड पानांचं वाक्य लिहिणारे वकील आमच्या बारचे सर्वांत ज्येष्ठ. आम्ही त्यांना बापूसाहेब म्हणत असू. धोतर, काळा कोट, कानात अत्तराचा फाया. वाक्य कधी संपवू नये ही त्यांची शिकवण, आणि आम्ही अर्धे लोक त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. बाईंनी पुण्यात सनद घेतली आणि तिथं चालून आलेलं काम सोडून या धुळीच्या गावी टेबल मांडलं ते केवळ बापूसाहेब इथे होते म्हणून. त्यांचा कुठलाही दस्त कोर्टात आला की बाई तो मोठ्यानं, अगदी सावकाश वाचायच्या. मध्येच थांबून विचारायच्या, “बापूसाहेब, इथपर्यंत कोण कोणाला काय देतंय?” बापूसाहेबांना चष्मा काढावा लागायचा, पुसावा लागायचा, पुन्हा वाचावं लागायचं. न्यायाधीश खाली मान घालून हसायचे. मला म्हाताऱ्याची दया यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मी त्या तारखांना मुद्दाम कोर्टात जाऊन बसत असे.

एकदा बापूसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले, “मुली, कागदाला काही भारदस्तपणा लागतो की नाही?”

“लागतो ना,” बाई म्हणाल्या. “लग्नपत्रिकेला.”

आता मुद्द्याचं. कोल्हारकडच्या एका बागायतदाराला, माझ्या जुन्या पक्षकाराला, एक शेत विकत घ्यायचं होतं. कालव्याखालचं, ऊस उभा राहील असं. विकणाऱ्याला मुलासाठी ट्रक घ्यायचा होता. उतारा बघितला तर विकणारा म्हणजे कात्रीबाईंचा मामा, आणि शेत तेच. कायद्यानं बहिणीच्या सहीची गरज उरलेली नव्हती. तसं मी सांगितलंही. पण माझ्या पक्षकारानं दोन्ही हात जोडले. “तिची सही असल्याबिगर म्या न्हाई घेनार. त्या वकीलबाईला तुमी वळखत न्हाई का? जलमभर मला पट्ट्या धाडंल ती.”

मामा दुसऱ्या कोणाला विकायला निघाला. तिथंही हेच उत्तर. तिसऱ्याकडेही तेच. एक बाई कागद कापते एवढ्या ख्यातीवर अख्ख्या तालुक्यात ते शेत घ्यायला कोणी पुढे येईना. शेवटी मामाला बहिणीच्या दारात यावं लागलं.

आम्ही तिघं मिळूनच गेलो : मामा, बापूसाहेब आणि खरेदीदारातर्फे मी. मामाच्या डोक्याला जरीकाठी फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. खोली एवढीशी. आई यंत्रावर बसली होती आणि आम्ही आलो तरी तिचा पाय थांबला नाही. बापूसाहेबांनी संमतीपत्राचा मसुदा पुढे केला. कात्रीबाईंनी तो न वाचताच आडवा कापला, उभा कापला आणि यंत्राखालच्या चिंध्यांच्या डब्यात टाकला. मग पिशवीतून स्वतःचा कागद काढला आणि वाचला :

‘मी हा कागद माझ्या बहिणीला लिहून देतो. वडिलांच्या तेराव्याला मी तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती वारसनोंद आहे असे मी तिला सांगितले. ते खोटे होते. या शेताचा अर्धा वाटा तिचा होता. तो मी तिला आज परत देत आहे. राहिलेला अर्धा माझा आहे. तो मी विकला तर तिची हरकत नाही.’

पुढे आणखी एक ओळ होती : ‘हे मी खुशीने करत नाही.’ ती ओळ राहिली तर उद्या मामा जबरदस्तीचा आरोप करून अख्खा दस्त उडवेल, हे मी हळूच त्यांच्या कानावर घातलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातला घास काढून घेतलाय. मग कात्री उचलली आणि ती ओळ कापली. पट्टी मात्र पिशवीत जपून ठेवली.

मामाचा चेहरा उतरला होता. फेट्याचा शेमला चाळवत तो बहिणीला म्हणाला, “यमे, अर्धं शेत घे तू. तुझंच हाय, घे. पर ते ‘खोटं’ तेवढं काढाय लाव पोरीला. गावात तोंड दाखवाय जागा न्हाई ऱ्हायची.”

बापूसाहेबांना जोर आला. “ ‘गैरसमजुतीमुळे’ लिहू. किंवा ‘अनवधानाने’. अर्थ तोच.”

“अर्थ तोच असेल तर माझा शब्द राहू दे,” कात्रीबाई म्हणाल्या. पण नंतर त्या आईकडे वळल्या. “आई, शेत तुझं आहे. शब्द काढला तर आत्ता मिळतंय. नाही काढला तर कदाचित मिळणारही नाही. तू सांग.”

मला वाटलं, आई आता शेत घेईल. कोणीही घेतलं असतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे गणवेश शिवून तिच्या बोटांची पेरं वाकडी झाली होती. यंत्र थांबलं. तिनं दातानं दोरा तोडला.

“शेत बी पायजे,” ती म्हणाली, “आन् ते वाक्य बी ऱ्हाऊ दे.”

मामानं पेढ्यांचा पुडा उचलला, उठला, दारापर्यंत गेला. तिथं उभा राहिला. बाहेर मुलगा जीपमध्ये हॉर्न वाजवत होता. ट्रकचा विसार देऊन झालेला होता हे मला माहीत होतं आणि कात्रीबाईंनाही. मामा परत फिरला.

दस्त नोंदवायला दुसऱ्या दिवशी सगळे कोर्टाच्या आवारात जमलो. बाजारचा दिवस होता. मला खात्री आहे, तो बाईंनीच निवडला होता. सहीसाठी मामानं पेन काढलं तेव्हा बाई म्हणाल्या, “थांबा. माझ्या कागदाची रीत तुम्हाला माहीत नसेल.” आणि त्याला फाटकाशी घेऊन गेल्या.

एवढा मोठा माणूस, गावच्या सोसायटीचा चेअरमन, शेंगांच्या टोपलीपुढे उभा. भोवती बाजाराला आलेली माणसं, त्यात त्याच्या गावचीही होती. त्यानं वकिली भाषेत सुरुवात केली, “आमच्या घरगुती मिळकतीबाबत जो काही प्रकार...”

“आरं काय बोलतुयास?” म्हातारी म्हणाली. “मला न्हाई समजत.”

मामानं इकडेतिकडे पाहिलं. बापूसाहेब पिंपळाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते.

“म्या भनीला खोटं सांगितलं हुतं,” मामा म्हणाला. “सही घेतली. तिचं शेत खाल्लं.”

“सख्ख्या भनीचं?”

“व्हय.”

“मोठ्यानं बोल. मला ऐकू कमी येतं.”

तिला चांगलं ऐकू येत होतं. मामा मोठ्यानं बोलला. संध्याकाळच्या एसटीनं ते वाक्य कोल्हारला पोचलं आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या कालव्याकाठी झालं. सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीत मामानं अर्जही भरला नाही. बापूसाहेबांनी त्या आठवड्यापासून दस्ताची कामं घेणं थांबवलं. प्रकृतीचं कारण सांगितलं.

मी कात्रीबाईंना विचारलं, कसं वाटतंय? मला वाटलं, त्या म्हणतील आता काही राहिलं नाही, पोकळी वाटते वगैरे. “फार छान वाटतंय,” त्या म्हणाल्या. “सूड घेऊन समाधान मिळत नाही असं सांगणाऱ्यांनी तो अर्धवट घेतलेला असतो.” त्या दिवशी त्यांनी सगळ्या बाररूमला चहा पाजला, अगदी मामाच्या जीपच्या ड्रायव्हरलाही.

आईचं मात्र वेगळं होतं. उताऱ्यावर नाव लागलं, तिनं आपल्या अर्ध्यात घास आणि भुईमूग केला, कालव्याच्या पाळीच्या दिवशी स्वतः पाणी धरायला जाऊ लागली. पण बांधापलीकडून कोणी गेलं की विचारायची, “दादा बरा हाय का?” कात्रीबाईंना याची चीड यायची. “ज्याला आपण भर बाजारात उभं केलं त्याची तू चौकशी करतेस?” आई म्हणायची, “मंग काय झालं? त्यानं केलं ते त्याचं हुतं, म्या इचारते हे माझं हाय.” हे आई-लेकीचं भांडण मी स्वतः ऐकलेलं आहे, आणि त्यात कोणाचं बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन-तीन वर्षांनी आई काविळीनं गेली. आम्ही बारची माणसं खोलीसमोर जमलो होतो. आपल्याकडे बाई गेली की माहेरचं लुगडं यावं लागतं. भावानं आणलेलं लुगडं अंगावर घालून तिला नेतात. सगळ्यांची नजर रस्त्याकडे होती. आणि मामा आला. फेटा नव्हता. एसटीनं आला होता, हातात कोरं नऊवारी लुगडं. तो दारात थांबला आणि म्हणाला, “पोरी, हे घाल तिला.”

कात्रीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आवाज चढला नाही, काही नाही. “आईनं सांगून ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “दादाचं लुगडं माझ्या अंगावर घालू नका.”

मामानं मान हलवली, जणू त्याला हे अपेक्षितच होतं. लुगडं छातीशी धरून तो समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसला. आईला शेजाऱ्यांनी आणलेल्या साडीत नेलं. आम्ही त्याच्यासमोरून गेलो तेव्हा तो उभा राहिला आणि अंत्ययात्रेत आला नाही. स्मशानातून परतलो तेव्हा पायरी रिकामी होती. त्यानंतर तो फार जगला नाही असं माझ्या पक्षकाराकडून कळलं.

पुढे कात्रीबाईंनी इथली वकिली आवरली आणि औरंगाबादला जायचं ठरवलं. मी त्यांना एसटीवर सोडायला गेलो. मी एव्हाना त्यांच्यासारखंच लिहायला लागलो होतो; माझे दस्त पाऊण पानावर आले होते, आणि त्यांना ते सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. म्हणालो, “तुमच्या आईनं फार कडक वाक्य मागं ठेवलं. भर बाजारात सुद्धा त्यांच्या तोंडून तसलं काही ऐकलं नव्हतं.”

बाई ट्रंकेवर बसल्या होत्या. बसची धूळ दिसायला लागली होती.

“आई तसं म्हणाली नव्हती,” त्या म्हणाल्या. “दादा आल्याबिगर मला उचलू नका, असं म्हणाली होती.”

मी विचारलं, “मग मामाला तसं का सांगितलंत?”

“तो विश्वास ठेवील हे मला माहीत होतं,” कात्रीबाई म्हणाल्या. “आईनं त्याच्यावर ठेवला होता तसाच.” आणि उठून त्या बसमध्ये जागा धरायला गेल्या.